सोबत्याची साक्ष : नामदेवांच्या गाथेतील 'समाधी'

एका कवीने दुसऱ्या कवीचा गौरव करण्याची जी परंपरा मराठीत आहे, तिचा उगम शोधताना अर्वाचीन विलापिकांपाशी थांबण्याचे कारण नाही. 'आदि', 'तीर्थावळी' आणि 'समाधी' ही नामदेवांच्या नावावरील तीन प्रकरणे म्हणजे ज्ञानदेवांचे त्यांच्या सोबत्याने सांगितलेले चरित्र होय. गाथेत विष्णुदास नामा व इतर उत्तरकालीन रचनाकारांचे अभंग मिसळले असल्याने या प्रकरणांतील प्रत्येक अभंग नामदेवांचाच, असे मानता येत नाही. तथापि कर्तृत्वाचा प्रश्न अनिर्णित राहिला, तरी वारकऱ्यांनी आपल्या कवींचा आदर कोणत्या रीतीने केला, याचा हा पुरावा उरतोच.

'समाधी'तील प्रसंग शके १२१८ (इ. स. १२९६) मधील, आळंदीचा. देवादिकांची दाटी आणि स्तुतीचे पाल्हाळ हा त्यातील सांकेतिक भाग. कोणत्याही पौराणिक आख्यानात तो असाच खपून गेला असता. नारा, विठा, गोंदा आणि महादा हे नामदेवांचे पुत्र समाधीची जागा स्वच्छ करू लागतात, तेथे रचनेला खरा जिव्हाळा येतो. मित्राच्या अखेरच्या आसनासाठी स्वतःच्या मुलांनी केर काढावा, या घरगुती तपशिलाची आच देवांच्या पुष्पवृष्टीला नाही. पुढे निवृत्तिनाथांचा शोक येतो. ते थोरले बंधू, शिवाय गुरू. ज्ञानदेवांना हात धरून आसनावर बसविणारेही तेच. ज्याने देहाच्या नश्वरतेचा उपदेश करावा, त्यालाच कवी कोलमडू देतो. त्या शोकासाठी आलेल्या प्रतिमाही वेदान्तातल्या नव्हेत, रानातल्या आहेत : तळ्याचा बांध फुटून पाणी वाट फुटेल तिकडे धावते, पेंढीचा बंध सुटून गवत रानभर पांगते. ज्ञानदेवांची थोरवी विशेषणांवर न सोपविता त्यांच्या जाण्याने काय विस्कटले, तेवढेच येथे दाखविले आहे. मराठीतील पुढच्या अनेक गौरवपर लेखांना हा संयम साधलेला नाही.

या मंडळीतील आदराचे दुसरे रूप जनाबाईंच्या नावावरील एका अभंगात दिसते. कोणाचे अभंग कोणी लिहून घेतले, याची ती जवळजवळ दप्तरी नोंद आहे. निवृत्तिनाथांचे बोल सोपानदेव लिहितात, मुक्ताबाईंचे ज्ञानदेव, सावता माळ्यांचे काशिबा गुरव आणि चोखामेळ्यांचे अनंतभट्ट. कवीसमवेत त्याच्या लेखनिकाचेही नाव राखावे, ही जाण एका दासीला असावी हे अर्थपूर्ण आहे. सेवेची किंमत तिला ठाऊक होती. महाराच्या वाणीसाठी ब्राह्मणाने बोरू हाती धरल्याचे ती कोणताही आव न आणता सांगून जाते. स्वतःचा लेखनिक म्हणून ती पांडुरंगाचेच नाव घेते, आणि त्यात भक्तीइतकाच मिस्कीलपणाही जाणवतो.

मात्र या आदराची मर्यादाही चोखामेळ्यांपाशीच उघडी पडते. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम करीत असता भिंत कोसळून ते गेले. नामदेवांनी ढिगाऱ्यातून त्यांच्या अस्थी विठ्ठलनामाच्या ध्वनीवरून ओळखल्या, त्या पंढरपुरास आणल्या आणि महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली, असे परंपरा सांगते. नामदेवांनीही आपल्यासाठी त्याच दाराची पायरी निवडली. ही कथा सहसा समतेचा दाखला म्हणून सांगितली जाते. पण ज्याच्या अस्थींतून नाम ऐकू आले, त्याची समाधी दाराबाहेरच राहिली. सोबत्यांनी कवितेत, कीर्तनात, लेखनात त्याला जवळ बसविले. देवळाचे दार उघडणे त्यांच्या हाती नव्हते. साने गुरुजींच्या उपोषणानंतर ते अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांसाठी उघडले, तेव्हा १९४७ साल उजाडले होते.