घंटेचा आघात कापल्यावर

ध्वनिमुद्रित आवाज कापून, लांबवून, उलटा फिरवून त्याचे संगीत करायचे, असे म्हटले की आपल्याकडील पुष्कळ रसिक कानांवर हात ठेवतील. त्यांना दोष देता येणार नाही. परंतु या प्रकाराला गोंगाट म्हणून झिडकारणे जितके सोपे, तितकेच केवळ नवा म्हणून त्याच्यापुढे मान तुकविणेही सोपे. तो आधी ऐकला पाहिजे.

१९४८ साली पॅरिसच्या नभोवाणीतील अभियंता पिएर शेफर याने बातिन्योल स्थानकावर आगगाड्यांचे आवाज टिपले. तबकडीवरची खाच बंद करून एकच तुकडा पुनःपुन्हा वाजविला आणि अशा तुकड्यांतून सुमारे तीन मिनिटांची रचना जुळविली. तीत लय आहे, गंमतही आहे. पण चाकांचा खडखडाट इतका ओळखीचा राहतो, की आपण संगीत ऐकतो आहोत की फलाटावर उभे आहोत, असा प्रश्न पडतो.

त्याच सुमारास शेफरला दिसले, की घंटेच्या नादातील पहिला आघात कापला तर ती घंटा वाटतच नाही; एखादे फुंकून वाजवायचे वाद्य वाटते. आमच्या शाळेची घंटा अशी कापून वाजविली, तर एकही मूल बाकावरून उठायचे नाही! पुढे १९६६ च्या आपल्या ग्रंथात त्याने आग्रह धरला, की आवाज कशाचा हे बाजूला ठेवून नुसता आवाज ऐकावा.

कानाची शिस्त म्हणून हे मला मान्य आहे; कलेचे ध्येय म्हणून नाही. पात्राचे गाव पुसून टाकले, की कादंबरीत नुसते नाव उरते, हा माझा अनुभव आहे. आवाजालाही गाव असते.

१९५५ साली कॅनडातील भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ले केन याने पाण्याच्या एकाच थेंबाच्या आवाजातून ‘ड्रिप्सोडी’ रचली. फितीचा वेग दुप्पट केला की स्वर एका सप्तकाने चढतो, ही त्यातली मुख्य युक्ती. थेंबाचे स्वरमंडळ होते. पण हा मुळात एक थेंब, हे ठाऊक असल्यानेच आपण हरखतो.

याहून मोठी कृती कार्लहाइन्झ श्टोकहाउझेन याची. जर्मनीतील कोलोन येथे १९५६ साली प्रथम सादर झालेल्या या सुमारे तेरा मिनिटांच्या रचनेचे नाव ‘गेझांग डेर युंगलिंगं’, म्हणजे ‘तरुणांचे गीत’. बायबलात तिघा तरुणांना भट्टीत टाकतात आणि ते ज्वाळांतून ईश्वराची स्तुती गातात. आपल्याला प्रल्हाद आठवावा, अशी ही कथा. येथे एका मुलाचा आवाज तोडला आहे, थरांवर थर चढवून त्याचा समुदाय केला आहे, विद्युत्‌स्वरांत विरघळविला आहे. पोर ज्वाळांत हरवले, असे वाटून जीव दडपतो, तोच एखादा शब्द स्वच्छ उमटतो. येथे शेफरचा नियम पाळून पाहा: हा आवाज मुलाचा आहे हे विसरलात, तर ना धास्ती उरेल, ना सुटका.

म्हणून यंत्राने आवाज किती बदलला, याचे मला फारसे कौतुक नाही. त्या बदलात कोणाचे काय होते आहे, हे कानाला कळावे. सणाची गडबड ओसरली, की ही तेरा मिनिटे घरातल्या मुलांना जवळ बसवून ऐका. कथा मात्र आधी सांगा.