गल्लीचे प्रदर्शन आणि गल्लीची जमीन

वस्ती पाडायची ठरली की तिची चित्रे काढायला माणसे येतात. चित्रांना विरोध करण्याचे मला कारण नाही. पण ही कला वस्तीच्या बाजूने साक्ष देते की तिच्या मयताची तयारी करते, हे दलित समीक्षेने विचारलेच पाहिजे. त्यासाठी मी धारावीचे उदाहरण घेतो.

फेब्रुवारी-मार्च 2015 मध्ये तिथे ‘धारावी बिएनाले’ हे प्रदर्शन भरले. त्याचे आधीचे नाव ‘अ‍ॅली गल्ली बिएनाले’. भरवणारी संस्था ‘स्नेहा’, पैसा लंडनच्या वेलकम ट्रस्टचा, विषय आरोग्याचा. कलावंत आणि रहिवासी यांनी एकत्र बसून वस्तू घडवल्या आणि वस्तीतच मांडल्या. जहांगीर आर्ट गॅलरीच्या पायऱ्या न चढता धारावीकराला आपली कला आपल्या दारात बघता आली, ही गोष्ट लहान नाही.

त्यातला बायकांनी शिवलेला धारावीचा कापडी नकाशा मला सर्वांत मोलाचा वाटतो. बाईला मारहाण कुठे होते, हे त्यात टाक्यांनी नोंदवले होते. गोधडी शिवणारे हात आपल्या घराघरात आहेत. त्या हातांनी इथे जबानी दिली. आपल्या आत्मकथनांनी शब्दांत केले तेच या कापडाने केले. दुःखाला पत्ता असतो, हे त्याने दाखवले.

पण पत्ता सांगितला की पुढचा प्रश्न येतोच: जमीन कोणाची? धारावीचा पुनर्विकास 2004 पासून शासनाच्या कागदावर होता. आरोग्याच्या चौकटीत हा प्रश्न मावत नव्हता, आणि जातही मावत नव्हती. कातडे कमावणारा, कचरा वेचणारा, गटारात उतरणारा यांचा आजार जातीपासून तोडून मांडला की रोग दिसतो, रोगाचे कारण लपते. त्याच मार्चमध्ये राज्यात गोवंश हत्याबंदीचा सुधारित कायदा लागू झाला. चर्मकार आणि मुसलमान कारागीर यांच्या कच्च्या मालावरच घाला पडला. पुढे सुधीर राजभर यांनी अशा कारागिरांना घेऊन रबराच्या पिशव्या केल्या आणि उद्योगाला ‘चमार’ हे नाव दिले. शिवी म्हणून फेकलेला शब्द त्यांनी पाटीवर लावला. ही हिंमत मी मानतो. मात्र पिशवी विकली गेली की कारागिराला मजुरी मिळते, राहत्या जागेचा हक्क मिळत नाही.

2022 मध्ये पुनर्विकासाची निविदा अदानी समूहाने जिंकली. मार्च 2024 पासून घरोघर मोजणी सुरू झाली, दारांवर नंबर पडले. 1 जानेवारी 2000 पूर्वीचा तळमजल्याचा पुरावा असेल त्याला धारावीत 350 चौरस फूट. नंतर आलेल्याला आणि माळ्यावर राहणाऱ्याला धारावीबाहेरची वाट. आज असे दोन नकाशे समोर आहेत. बायकांच्या नकाशाला कागदपत्रांशी कर्तव्य नव्हते. मोजणीच्या नकाशात कागद आधी, माणूस नंतर.

हे मुंबईचे दुखणे म्हणून खानदेशाने कानावर हात ठेवू नयेत. जळगावच्या घरकुल योजनेत गरिबांच्या नावाने हजारो घरे आखली गेली, पुरी झाली त्यातली थोडी. 2019 मध्ये धुळ्याच्या विशेष न्यायालयाने त्या प्रकरणी 48 जणांना दोषी ठरवले. निकालपत्र न्यायालयात राहते. न मिळालेल्या घराची गोष्ट वस्तीतल्या शाहिराने आणि गोधडी शिवणाऱ्या बाईनेच सांगायची आहे. ‘अब्राह्मणी साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ (1988) लिहिणारे कॉ. शरद पाटील धुळ्याचेच. सौंदर्याचा विचार जातीच्या प्रश्नाला टाळून करता येत नाही, हे आपल्याला नव्याने शिकायचे नाही.

31 जुलै 1937 रोजी बाबासाहेब लळिंगच्या लांडोर बंगल्यावर आले होते. दरवर्षी त्या तारखेला लोक तिथे जमतात. बंगला जुना आहे, पण त्याला स्मारक केले ते जमणाऱ्या माणसांनी. माणसेच उठवून दूर नेली तर गल्लीचे कितीही सुंदर चित्र तिचे स्मारक होणार नाही. म्हणून वस्तीत कुंचला घेऊन जाणाऱ्या आपल्या तरुणांना माझे एकच सांगणे आहे: भिंतीवर चित्र काढाल तेव्हा शेजारी, या भिंतीआड किती माणसे राहतात आणि कधीपासून राहतात, तेही लिहा. भाडेकरू लिहा, माळ्यावरचेही लिहा.