खोटा डोळा आणि घाईचे उत्तर

कॅरिबियन समुद्रातील प्रवाळभित्तींवर राहणारा 'चार डोळ्यांचा' फुलपाखरू मासा (कीटोडॉन कॅपिस्ट्रेटस) लोकप्रिय विज्ञानलेखनात हमखास भेटतो. लिनियसने १७५८ साली नामकरण केलेला हा चपटा मासा जास्तीत जास्त १५ सें.मी.च्या आसपास वाढतो. त्याच्या खऱ्या डोळ्यावरून काळा उभा पट्टा जातो, तर शेपटीजवळ पांढऱ्या कड्याचा मोठा काळा ठिपका असतो. शत्रूला फसवण्यासाठी निसर्गाने त्याला खोटा डोळा दिला, असे सांगून प्रकरण संपते. आमचा आक्षेप इथेच आहे.

पहिली गोष्ट, पट्टा आणि ठिपका हे निरीक्षण आहे. 'फसवण्यासाठी' हा तर्क आहे. हे दोन्ही एकाच वाक्यात, एकाच खात्रीने सांगितले की विद्यार्थ्याला त्यातला फरक कधीच कळत नाही. शिवाय निसर्ग हेतू धरून काही देत नाही. ज्या माशांवरचा हल्ला डोक्याऐवजी शेपटीकडे वळला ते अधिक वाचले असतील, एवढेच म्हणता येते.

मग पुरावा काय? २०१३ साली केर्न्समो व मेरिलाइता यांनी स्टिकलबॅक माशांपुढे कृत्रिम भक्ष्य ठेवले. भक्षकाच्या स्वतःच्या डोळ्यापेक्षा लहान असलेल्या डोळ्यासारख्या ठिपक्यांकडे हल्ले खरोखर वळले. मोठ्या ठिपक्यांना भक्षक घाबरतात, याला मात्र फारसा आधार मिळाला नाही. तर्काला बळ मिळाले, पण तेही प्रयोगशाळेत आणि दुसऱ्याच माशावर. आपल्या माशाच्या लहान पिल्लांना तर एकाच बाजूला दोन ठिपके असतात. त्यांचे काय, असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले, तर ते कौतुकाचेच!

दुसरा दोष असा की, ठिपक्याच्या नादात मासा हरवतो. तो प्रवाळांचे पॉलिप, समुद्रपंखे आणि नळीत राहणारे कृमी टोचून खातो, बहुधा जोडीने फिरतो. त्याच्या तरंगत्या डिंभकाच्या डोक्यावर हाडांच्या पट्ट्यांचे चिलखत असते. ज्याचे पोट प्रवाळांवर अवलंबून आहे, त्याची गोष्ट प्रवाळांशिवाय सांगताच येणार नाही.

शिक्षकांनी वर्गात या माशाचे चित्र जरूर दाखवावे. मात्र फळ्यावर दोन रकाने आखावेत : 'काय दिसते' आणि 'काय वाटते'. तिसरा रकाना, 'कसे तपासू', मुलांनाच भरू द्यावा.