ऑर्केस्ट्रा कुठे थांबतो

'सैराट' हा सोलापूर जिल्ह्याच्या मातीतला चित्रपट. दिग्दर्शक नागराज मंजुळे जेऊरचे, नायिका रिंकू राजगुरू अकलूजची, चित्रीकरण करमाळ्याच्या परिसरातलं. त्यातल्या ऑर्केस्ट्राचं ध्वनिमुद्रण मात्र लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर झालं. पूर्वीच्या एमजीएमचा हा स्टुडिओ, 'द विझार्ड ऑफ ऑझ'च्या काळापासून चित्रपटसंगीतासाठी नावाजलेला. 29 एप्रिल 2016 ला चित्रपट लागला तेव्हा ही बातमी अभिमानाने सांगितली जात होती. तो अभिमान योग्यच होता. उसाच्या आणि केळीच्या बागांतून धावणाऱ्या एका कोळ्याच्या पोराच्या प्रेमाला एवढा मोठा वाद्यवृंद मिळावा, यात संगीतकार अजय-अतुल यांनी घेतलेली एक भूमिका आहे. परश्याचं प्रेम कुठल्याही राजपुत्राच्या प्रेमाइतकंच मोठं आहे, असं ती व्हायोलिनं ठामपणे म्हणतात. गावातली उतरंड जे नाकारते, ते संगीत आधीच देऊन टाकतं.

या घटनेला आता बरीच वर्षं झाली. त्यानंतर मराठी चित्रपटाच्या पार्श्वसंगीताचं काय झालं, हा प्रश्न विचारायला भवानी पेठेइतकी चांगली जागा नाही, असं मला मनापासून वाटतं. सोलापूरच्या या पूर्व भागात यंत्रमागांवर चादरी आणि टॉवेल विणत पिढ्या गेल्या. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची ही वस्ती घरात तेलुगू आणि रस्त्यावर मराठी बोलते. इथला तरुण प्रेक्षक किरवाणींचं 'बाहुबली'चं बीजीएम, म्हणजे पार्श्वसंगीत, तोंडाने वाजवून दाखवतो आणि पुढच्याच वाक्यात 'सैराट'वर बोलतो. पार्श्वसंगीत स्वतंत्रपणे ऐकायची आणि त्यावर वाद घालायची सवय तेलुगू, तमिळ चित्रपटांनी त्याला लावली. 57 व्या राष्ट्रीय पुरस्कारांत, म्हणजे 2009 च्या चित्रपटांसाठी, पार्श्वसंगीताचा वेगळा पुरस्कार इलैयाराजांना 'पळसीराजा'साठी मिळाला, यामागेही दक्षिणेची हीच जाण आहे. मराठीत आपण अजून गाण्यांचीच चर्चा करतो.

'सैराट'चंही तेच झालं. 'झिंगाट'वर अख्खा महाराष्ट्र नाचला, पण चित्रपटाच्या संगीताची खरी रचना फार थोड्यांनी पाहिली. गाणी सगळी पूर्वार्धात आहेत. आर्ची-परश्या पळून हैदराबादला पोहोचतात आणि गाणी संपतात. उरतात झोपडपट्टीचे आवाज, भांडणं, डोशाची गाडी आणि न कळणारी भाषा. (भवानी पेठेतल्या प्रेक्षकाला ती भाषा कळते, आर्चीला कळत नाही. तिचं परकेपण इथे दुप्पट जाणवत असणार.) आणि शेवटी दोघांचे खून होतात, शेजारणीकडून त्यांचं लहान मूल परत येतं, रडत बाहेर पडतं आणि त्याचं रडणंही आपल्याला ऐकू येत नाही. पडद्यावर रक्ताची पावलं आणि चित्रपटगृहात कसलाही आवाज नाही.

माग चालू असतो तेव्हा विणकराला त्याची खडखड जाणवत नाही. बाण्याचा धागा तुटून माग थांबला की मात्र तो झोपेतूनही उठून बसतो. 'सैराट'चा शेवट असा ऐकू येतो, कारण आधी तास-दीड तास ऑर्केस्ट्राने आपले कान भरून ठेवलेले असतात. लॉस एंजेलिसमधल्या त्या खर्चाचं मोल या शेवटच्या काही क्षणांत वसूल होतं, असं मी म्हणेन.

नंतरच्या बहुतेक चित्रपटांनी मात्र 'सैराट'कडून फक्त व्हायोलिनं घेतली. आई वारली, स्ट्रिंग्ज. शेतकऱ्याने पावसाकडे पाहिलं, स्ट्रिंग्ज. मुलगा परीक्षेत पहिला आला, स्ट्रिंग्ज आणि वर कोरस. अभिनेत्याच्या डोळ्यांत पाणी यायच्या आधीच पाठीमागे चेलो रडायला लागतो. प्रेक्षकाने काय वाटून घ्यायचं हे त्याला आगाऊ कळवलं जातं आणि त्यामुळे त्याला काहीच वाटत नाही. चांगल्या अभिनेत्यांनी समजून केलेले प्रसंग मी असे बुडताना पाहिले आहेत, आणि त्याचा मला राग येतो.

याची कारणं कामाच्या पद्धतीत आहेत. संकलन संपलं, प्रदर्शनाची तारीख जाहीर झाली, पैसे संपत आले, की पार्श्वसंगीतकाराला बोलावतात. संकलकाने तात्पुरता म्हणून कुठल्यातरी परदेशी चित्रपटाचा तुकडा लावलेला असतो. दिग्दर्शकाच्या कानाला त्याची सवय झालेली असते आणि 'असंच काहीतरी' हवं असतं. हातात दिवस थोडे. मग कीबोर्डवरच्या सॅम्पलमधून एका माणसाने ऐंशी वादकांचा आवाज काढायचा. सॅम्पल वाईट नसतात, उलट आता फार सफाईदार असतात. पण त्यांतला प्रत्येक सूर आधीच कुणीतरी दुसऱ्याच भावनेने वाजवून ठेवलेला असतो. समोरचा प्रसंग पाहून गज किंचित रोखून धरणारा वादक तिथे नसतो.

असे वादक आपल्याकडे होते. मुंबईच्या चित्रपटसृष्टीचा वाद्यवृंद मोठ्या प्रमाणावर गोव्याच्या कलावंतांनी उभा केला. शंकर-जयकिशन यांच्या संगीतामागे अरेंजर सॅबेस्टियन डिसूझा होते. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवलं आणि 1958 मध्ये इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्राचा प्रयोग करून भारतीय राग आणि पाश्चात्त्य वाद्यमेळ एकत्र आणायचा ध्यास घेतला. पुढे सिंथेसायझर आला, स्टुडिओतली गर्दी पांगली आणि समोरासमोर बसून वाजवण्याची ही विद्या पुढच्या पिढीत फार कमी उतरली.

संयमाची परंपरा मात्र आपली स्वतःची आहे, आणि तीही जुनी. 1937 च्या 'कुंकू'मध्ये व्ही. शांतारामांनी पार्श्वसंगीत जवळजवळ वर्ज्य केलं. संगीत केशवराव भोळे यांचं होतं, पण प्रसंगांचा भार घड्याळाच्या टिकटिकीसारख्या घरातल्या आवाजांवर सोडला. बोलपट मराठीत येऊन तेव्हा उणीपुरी पाच वर्षं झाली होती! सोलापुरात शिकलेल्या जब्बार पटेल यांच्या 'सामना'ला भास्कर चंदावरकर यांचं संगीत होतं. चित्रपटाला संगीत किती कमी लागतं, याचा विचार मराठीत त्यांच्याइतक्या गंभीरपणे फार थोड्यांनी केला. 'श्वास'चं (2004) संगीतही चंदावरकरांचंच.

अलीकडची उदाहरणं आहेत. अविनाश अरुण यांच्या 'किल्ला'साठी नरेन चंदावरकर आणि बेनेडिक्ट टेलर यांनी केलेलं काम मोजक्या वाद्यांचं आहे. कोकणातल्या पावसाला आणि समुद्राला ते जागा देतं आणि वडील गमावलेल्या मुलाच्या शेजारी बसून राहतं. मंजुळे यांच्याच 'फँड्री'चं पार्श्वसंगीत अलोकनंदा दासगुप्ता यांचं. त्यातला सर्वांत भेदक सांगीतिक क्षण मात्र संगीतकाराने रचलेलाच नाही. डुक्कर पकडायला धावणारं कुटुंब शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येताच जागच्या जागी उभं राहतं आणि डुक्कर समोरून जातं. त्या प्रसंगावर कुणी व्हायोलिन घातलं असतं तर?

मोठ्या ऑर्केस्ट्राला माझा विरोध नाही. मराठी चित्रपटाला तो पुन्हा मिळावा, आणि शक्यतो पुण्या-मुंबईत, गोव्यात बसणाऱ्या आपल्याच वादकांचा मिळावा. पैसे नसतील तर चार जणांचं स्ट्रिंग क्वार्टेट खरंखुरं वाजवून घ्यावं. ते ऐंशी जणांच्या सॅम्पलपेक्षा प्रसंगाला जास्त धरून राहील. संगीतकाराला पटकथेच्या वेळीच बोलवावं आणि कुठे वाजणार नाही याची यादी दिग्दर्शकाने त्याच्यासोबत बसून करावी. चित्रपटाबरोबर पार्श्वसंगीताचाही अल्बम काढावा, कारण ते वेगळं ऐकायला मिळाल्याशिवाय त्यावर बोलणं सुरू होणार नाही. भवानी पेठेतली पोरं 'बाहुबली'चं बीजीएम फोनवर ऐकतात, कारण ते तिथे मिळतं. 'किल्ला'चंही त्यांना तितक्याच सहज मिळायला हवं.