हौशी रंगभूमी आणि ख्रिस्ताची साक्ष

नाताळ वा उत्तम शुक्रवार जवळ आला की आपल्या मंडळ्यांतील तरुण संघ नाटिका बसवू लागतात. मंडळीबाहेरील शेजाऱ्यांना ख्रिस्ताची ओळख व्हावी हा हेतू स्तुत्यच आहे. परंतु पुष्कळदा शेवटच्या प्रवेशात एखादे पात्र प्रेक्षकांकडे वळून प्रवचन करू लागते आणि नाटक तेथेच संपते. या संदर्भात बव्हेरियातील ओबरामरगाऊ गावाच्या दुःखसहन-नाट्याचा इतिहास आम्हांस उद्बोधक वाटतो.

१६३३ मध्ये महामारीने ग्रासलेल्या या गावाने ख्रिस्ताच्या दुःखसहनाचे नाटक करीत राहण्याचा नवस केला व १६३४ मध्ये पहिला प्रयोग झाला. पुढे दर दहा वर्षांनी प्रयोग करण्याची प्रथा पडली. सामान्यतः गावात जन्मलेल्या किंवा वीस वर्षे राहिलेल्या माणसांनाच त्यात भूमिका मिळते. हौशी रंगभूमीचे सामर्थ्य येथेच आहे. धंदेवाईक नटाचे कसब अधिक असेल; परंतु रोज भेटणाऱ्या माणसाने पेत्राचा नकार रंगविला म्हणजे तो नकार साऱ्या गावाला आपला वाटतो.

तथापि नवसातून जन्मलेले नाटकही निर्दोष असतेच असे नाही. येथे यहूदी पुढारी व जमाव दीर्घकाळ क्रूर आणि लोभी असेच रंगविले जात. १९३४ च्या त्रिशताब्दी प्रयोगास हिटलर उपस्थित होता व १९४२ मध्ये त्याने या नाटकाची वाखाणणी केली, ती याच चित्रणामुळे. १९६५ मध्ये द्वितीय व्हॅटिकन परिषदेने ख्रिस्तवधाचा दोष सरसकट यहूद्यांवर ठेवता येत नाही असे जाहीर केले. तरी संहितेत मूलगामी बदल होण्यास बराच काळ गेला. मत्तय २७:२५ मधील जमावाचे उद्गार २००० च्या प्रयोगातून वगळण्यात आले. २०१० मध्ये येशू व लोकसमुदाय इब्री भाषेत ‘शमा’ ही प्रार्थना गाताना दिसले. २०२२ मध्ये यहूदा इस्कर्योताची भूमिका गावातीलच एका मुसलमान तरुणाने केली.

शास्त्रवचन वगळणे म्हणजे सुवार्ता सौम्य करणे नव्हे काय, असा आक्षेप येईल. तो क्षुल्लक नाही. परंतु वाचक ते वचन संपूर्ण शुभवर्तमानाच्या संदर्भात वाचतो. रंगमंचावर मात्र तेच शब्द जिवंत समाजाकडे बोट दाखवितात. आमच्या मते येथे सुवार्ता उणी झाली नाही, तिच्यावर चढलेला द्वेष तेवढा उतरला.

आपल्या नाटिकांनाही हीच कसोटी लावावी. त्यांतील परूशी केवळ ढोंगी आणि अख्रिस्ती शेजारी केवळ अज्ञानी असतो काय? तसे असल्यास पहिल्या रांगेत बसलेल्या त्या शेजाऱ्याला आपण साक्ष देत नाही, त्याचा अपमान करतो. विरोधकाच्या तोंडी त्याचे सर्वांत बळकट म्हणणे घालावे, कयफाची भीतीही खरी वाटावी. आणि शेवटचे प्रवचन गाळावे. येशूनेही पुष्कळ दाखले अर्थ न सांगताच सोडले होते. उत्तर ऐकणाऱ्याने द्यावयाचे होते.