खिडकीपाशी बसलेला मुलगा

दिवाळीच्या अंकात एकाकीपणावर लिहावे, हे काही वाचकांना औचित्याला सोडून वाटेल. घरात चकलीचा घाणा निघत असताना आणि दारात पणत्या लागत असताना हा उदास विषय कशाला, असे कुणीही विचारील. पण जरा थांबून पाहिले, तर एकट्या माणसाचे एकटेपण याच दिवसांत अधिक टोचते. एस.टी.च्या गाड्या माणसांनी ओसंडून वाहतात, वसतिगृहांच्या खोल्यांना कुलपे लागतात, आणि ज्याला जायला घर नाही किंवा घरी कुणी नाही, त्याला भोवतालचा उजेडसुद्धा परका वाटू लागतो. तेव्हा या विषयाला खरा मुहूर्त हाच म्हणायचा.

आमच्या महाविद्यालयांतून अलीकडे लघुपट काढण्याची हौस फार वाढली आहे. पूर्वी स्नेहसंमेलन म्हटले की एकांकिका ठरलेली असे. ती अजूनही होते. पण तिच्या जोडीला आता दहा मिनिटांचा लघुपट आला आहे. कॅमेरा मोबाईलमध्येच असल्यामुळे भांडवलाची चिंता उरलेली नाही. चिंता उरली आहे ती विषयाची, आणि तीही मुले चटकन सोडवून टाकतात. पंधरा-सोळा वर्षांचा एक एकाकी मुलगा घ्यायचा, की झाला विषय तयार!

समजा, शिरपूरच्या चार विद्यार्थ्यांनी असाच एक लघुपट काढायचे ठरवले आहे. त्यांची संहिता अजून कागदावर आहे. समीक्षक सहसा चित्र पुरे झाल्यावर बोलतो. पण तेव्हा त्याच्या बोलण्याचा कर्त्याला काडीचाही उपयोग नसतो. म्हणून येथे चित्र निघण्यापूर्वीच त्याची समीक्षा करण्याचा विचार आहे.

या कागदावर काय असेल, हे सांगायला ज्योतिषी नको. मुलगा खिडकीपाशी बसलेला आहे. बाहेर पाऊस आहे. मागे बासरी किंवा व्हायोलिन आहे. आईवडील भांडतात, वर्गातली मुले हसतात, रात्री मोबाईलचा निळसर उजेड त्याच्या तोंडावर पडतो. शेवटी टेबलावर एक चिठ्ठी, छताचा पंखा, आणि काळोख. असे लघुपट वाचकांनीही पाहिले असतील. पाहताना घसा दाटतो, आणि घरी पोचेपर्यंत त्या मुलाचा चेहरासुद्धा आठवत नाही. असे का व्हावे?

याचे कारण, माझ्या मते, अगदी साधे आहे. तो मुलगा एकाकी आहे, एवढेच आपल्याला त्याच्याविषयी कळते. त्याला काय हवे आहे, ते कळत नाही; ते त्याला का मिळत नाही, तेही कळत नाही. ज्याला काहीच नको आहे, असा माणूस पडद्यावर केवळ बसून राहतो. एकाकीपणा ही चेहऱ्यावर फासायची उदासी नाही. माणूस आणि एखादी ठराविक वस्तू, ठराविक जागा किंवा ठराविक माणूस यांच्यामध्ये पडलेले ते अंतर आहे. अंतर दाखवायचे, तर त्याची दोन्ही टोके दाखवावी लागतात. खिडकीपाशी बसलेल्या मुलाच्या चित्रात एकच टोक असते.

ज्यांना हे साधले, त्यांची चित्रे आठवून पाहावीत. उमेश कुलकर्णी यांच्या ‘गिरणी’ या लघुपटात एका लहान मुलाच्या घरात संसाराला आधार म्हणून पिठाची गिरणी येते. आईच्या दृष्टीने ती पोटापाण्याची सोय. मुलाच्या दृष्टीने ते खेळ आणि सवंगडी हिरावून नेणारे धूड. मुलगा एकटा पडतो तो त्या यंत्राच्या घरघरीत, आणि ती घरघर आपल्याही कानांत बसते. नागराज मंजुळे यांचा ‘पिस्तुल्या’ तर नगरच्या महाविद्यालयात शिकत असताना केलेला. त्यातल्या मुलाला शाळा हवी आहे, बस्स, एवढेच. पुढे त्यांच्याच ‘फँड्री’त (२०१३) जब्या काळ्या चिमणीच्या मागे रानोमाळ हिंडतो. त्याला शालू हवी आहे, आणि मध्ये जातीची भिंत आहे. ती चिमणी काढून घ्या, की जब्या लगेच खिडकीपाशी जाऊन बसेल! अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’मध्ये (२०१४) वडील गेलेला मुलगा आईच्या बदलीमुळे कोकणातल्या परक्या गावी येतो, आणि नव्या मित्रांनी किल्ल्यावर मागे टाकल्यावर भर पावसात एकटा उरतो. पाऊस तेथेही आहे. पण त्या पावसात तो कुणाला तरी शोधतो आहे.

परदेशातलेही एक उदाहरण घेऊ. फ्रान्सच्या त्रुफोने ‘फोर हंड्रेड ब्लोज’ (१९५९) या आपल्या पहिल्या मोठ्या चित्रपटात घराला आणि शाळेला नकोसा झालेला एक मुलगा दाखवला. तो खोटे बोलतो, चोरी करतो, सुधारगृहातून पळतो आणि धावत धावत समुद्रापाशी येतो. सगळ्या चित्रपटभर तो स्वस्थ असा बसत नाही. आणि आपल्या सत्यजित राय यांचा ‘टू’ (१९६४) हा छोटासा मूकपट पाहा. मोठ्या घरात खेळण्यांच्या ढिगात बसलेला श्रीमंत मुलगा आणि खाली झोपडीपाशी खेळणारा गरीब मुलगा, अशी ही दोनच पात्रे. संवाद एकही नाही. खेळण्यांची चढाओढ चालते, श्रीमंत मुलगा दुसऱ्याचा पतंग बंदुकीने फाडतो, आणि जिंकल्यावर एकटा उरतो. एकाकीपणाला गरिबीच लागते, असे समजणाऱ्यांनी हे चित्र अवश्य पाहावे.

आता शिरपूरकडे वळू. आमच्या चार विद्यार्थ्यांच्या संहितेत शिरपूर कोठेच नाही, ही माझी दुसरी तक्रार. त्यांचा मुलगा पुण्यातही बसू शकेल आणि पाटण्यातही. वास्तविक शिरपूर हे गाव असल्या विषयाची खाणच आहे. शिक्षणसंस्थांमुळे दूरदूरची मुले येथे वसतिगृहांत आणि भाड्याच्या खोल्यांत राहतात. गावाजवळून मुंबई-आग्रा रस्ता जातो; त्यावर रात्रभर मालमोटारींची घरघर चालते. दक्षिणेला तापी, उत्तरेला सातपुडा; पळासनेर ओलांडले की मध्य प्रदेश लागतो. भाषा म्हणाल, तर बाजारात अहिराणी, डोंगराकडच्या पाड्यांत पावरी, वर्गात पुस्तकी मराठी आणि अभियांत्रिकीच्या तासाला इंग्रजी. सोळा वर्षांचा मुलगा सकाळपासून रात्रीपर्यंत चार भाषांतून हिंडतो, आणि यांपैकी आपले मन कुठल्या भाषेत सांगावे हे त्याला उमगत नाही. वर्गात सर प्रमाण मराठीत प्रश्न विचारतात, तेव्हा तो खाली मान घालतो, पण बाहेर कुणी नुसते “काय करी ऱ्हायना?” म्हटले, की त्याचा चेहरा उमलतो. हे एवढे टिपले, तर दोन पाने संवादांची बचत होईल.

शिवाय एकाकी मुलगा नेहमी मुकाच असतो, ही समजूतही सोडून द्यावी. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ साली आली. खानदेशातून पुण्याला शिकायला गेलेला तिचा नायक पांडुरंग सांगवीकर किती बोलतो, किती थट्टा करतो! वाचक हसत हसत पाने उलटतो आणि धाकट्या बहिणीच्या मृत्यूपाशी येऊन एकदम थबकतो. मग मागचे सगळे हसणे त्याला निराळे ऐकू येऊ लागते. वर्गात सर्वांत मोठ्याने हसणारा मुलगा आपण एकदा नीट न्याहाळावा. पुष्कळदा आपला नायक तोच असतो.

नुसते दोष दाखवून समीक्षकाने हात झटकू नयेत. म्हणून त्याच कागदावर मी एक निराळी गोष्ट सुचवतो. सातपुड्याच्या पायथ्याच्या एखाद्या पाड्यावरचा मुलगा शिरपूरच्या वसतिगृहात आहे. दिवाळी झाली की या भागातली कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला आणि शेतमजुरीला गुजरातेत जातात. त्याचे आईवडीलही गेले आहेत. जाताना त्यांनी घराची किल्ली त्याच्या हाती दिली. ती त्याने काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातली आहे. दर शनिवारी मित्र गावी निघतात, आणि हा त्यांच्या पिशव्या उचलून एस.टी. स्टँडवर पोचवायला जातो. “तू का येत नाहीस?” असे कुणी विचारले, की “अभ्यास राहिलाय” म्हणून हसतो. घराला कुलूप आहे, हे तो सांगत नाही. रात्री आईचा फोन येतो; जेवलास का, एवढेच ती विचारते, आणि मागे अनोळखी माणसांचा गलका ऐकू येतो. मग एका शनिवारी गाडी सुटता सुटता तो स्वतःच आत चढतो. घर उघडतो. झाडून काढतो. चूल पेटवतो. कौलांतून धूर निघतो. तो पाहून, कोण आले म्हणून शेजारची म्हातारी दारात येते. चित्र तेथेच थांबावे.

या गोष्टीत बासरी नाही, पाऊस नाही, रडणेही नाही. एक किल्ली आहे, आणि ती प्रेक्षकाला शेवटपर्यंत सोडत नाही. पाड्यावरचे घर आमच्या चौघांना ठाऊक नसेल, तर त्यांनी आधी तेथे कॅमेरा न नेता चार वेळा जाऊन यावे, माणसांशी बोलावे, त्यांची संमती घ्यावी. आणि जो मुलगा खरोखरच असे दुःख सोसतो आहे, त्याला ते कॅमेऱ्यापुढे पुन्हा सोसायला लावू नये. चित्रापेक्षा मुलगा मोठा.

साधनांची रड मात्र कुणी सांगू नये. याच मुंबई-आग्रा रस्त्यावर, धुळ्याच्या अलीकडे, मालेगाव आहे. तेथल्या हौशी मंडळींनी सायकली आणि बैलगाड्या जुंपून कॅमेरा हलवला आणि आपले चित्रपट काढले; त्यांच्यावर पुढे ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट निघाला. त्याहीआधी, १९१२ साली, दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्यापूर्वी काय केले? कुंडीत वाटाण्याचा दाणा रुजवला, आणि त्याचा वेल होईपर्यंत दिवसेंदिवस थोडे थोडे चित्रण केले. आपल्या चित्रसृष्टीच्या उंबरठ्यावर असा हा एक लघुपट उभा आहे. त्यात नट नाही, कथा नाही. एका दाण्याकडे चिकाटीने पाहणे आहे. विद्यार्थ्यांनी घ्यायचा धडा हाच. आधी आवाज नीट टिपावा, कारण मोबाईलच्या लघुपटाचा घात चित्रापेक्षा आवाज करतो. भर दुपारी खानदेशचे ऊन चेहऱ्याचे सगळे भाव खाऊन टाकते, म्हणून सकाळ-संध्याकाळ चित्रण करावे. आणि दहा मिनिटांत एकच गोष्ट सांगावी. शिरपूर तालुक्यात २००४ नंतर नाले खोल करून, बंधारे घालून पाणी जमिनीत मुरवण्याचे जे काम झाले, ते ‘शिरपूर पॅटर्न’ म्हणून दूरवर ठाऊक आहे. पाणी वाहून जाऊ न देता एका जागी खोलवर मुरवावे, ही युक्ती कलेलाही मानवते.

राहता राहिला तो शेवटचा पंखा आणि ती चिठ्ठी. येथे मात्र मी थोडा कठोर होणार आहे. मुलाने जीव दिला की गोष्ट गंभीर झाली, असे अनेक तरुण लेखकांना वाटते. कलेच्या दृष्टीने ही पळवाट आहे. गुंता सुटत नाही म्हणून लेखक पात्रच संपवतो. पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की स्नेहसंमेलनाच्या त्या अंधाऱ्या दालनात मागच्या बाकावर खराखुरा एकाकी मुलगा बसलेला असतो. त्याला पडद्यावर आपला चेहरा दिसतो, आणि पाठोपाठ त्या चेहऱ्याचे भवितव्यही दाखवले जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली खास चित्रपट आणि नाटक करणाऱ्यांसाठी याबाबत मार्गदर्शिका काढली. आत्महत्येची रीत तपशिलाने दाखवू नये आणि तीच एकमेव वाट असल्याचे भासवू नये, असा तिचा आशय आहे. याचा अर्थ शेवट गोड करावा असा मुळीच नाही. जब्याचा शेवट गोड नाही. तो दगड भिरकावतो, आणि तो दगड थेट आपल्याच दिशेने येतो. पण दगड भिरकावणारा हात जिवंत आहे. प्रेक्षकातल्या मुलाला एवढेच हवे असते.

हे सगळे वाचून घरातली वडीलधारी मंडळी म्हणतील, की लघुपट काढायचा मुलांनी. त्यात आमचे काय? तर तापीच्या पलीकडच्या अमळनेरची आठवण द्यावीशी वाटते. १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी तेथे शिक्षक होते आणि छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. त्या मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक आपल्या हाताने लिहून काढीत. घरापासून दूर राहणाऱ्या मुलांसाठी रोज कुणीतरी बसून लिहीत होते! त्या काळी कॅमेरा कुणाच्या खिशात नव्हता. मुलांकडे रोज लक्ष देऊन पाहणारा एक माणूस मात्र होता. चांगला लघुपट याहून निराळे काय करतो?

शिरपूरच्या त्या चौघांनी आपली संहिता पुन्हा लिहावी. आणि ज्यांच्या गल्लीत, वाड्यात किंवा वरच्या खोलीत परगावचा मुलगा राहतो, त्यांनी लघुपट निघण्याची वाट पाहू नये. फराळाचे ताट झाकून त्याच्या दाराशी न्यावे, आणि ताट ठेवून लगेच परतू नये. दोन घटका बसावे.