मूकपटांतील हंसें कोणाचें?

जुन्या अमेरिकन मूक-प्रहसनांत कृष्णवर्णीयांची जी विटंबना आढळते, तिच्याविषयीं बोलतांना ‘काळच तसा होता’ असें म्हणण्याचा प्रघात आहे. हें समर्थन दिसावयास उदार. परंतु त्या काळचे चित्रपटच त्याला साक्ष देत नाहींत.

१९०७ सालीं एड्विन पोर्टर यानें एडिसन कंपनीकरितां काढलेलें ‘लाफिंग गॅस’ पाहावें. कथानक असें फारसें नाहीं. दांतदुखीनें बेजार झालेल्या एका मोलकरणीला दंतवैद्य हास्यवायु हुंगवितो, आणि तिचें हंसें कांहीं केल्या आवरत नाहीं. ट्रामगाडींतले उतारू, पोलीस, न्यायासनावरील मॅजिस्ट्रेट, प्रार्थनामंदिरांतील मंडळी, जो जो तिला पाहतो तो तो हंसूं लागतो. हें काम करणारी बर्था रेगस्टस स्वतः कृष्णवर्णीय होती. भरतानें हास्याचे आत्मस्थ व परस्थ असे दोन भेद सांगितले आहेत. येथें ते एकाच मुखावर एकवटले आहेत. पात्र मोलकरणीचेंच, म्हणजे सांचा जुनाच, हें खरें. तरीपण तिच्या हंसण्यामागून मॅजिस्ट्रेटला हंसावें लागतें.

आतां १९२५ सालचा बस्टर कीटनचा ‘सेव्हन चान्सेस’ घ्या. कीटनची योग्यता मी फार मोठी मानतों. उतारावरून गडगडत येणाऱ्या धोंड्यांपुढची त्याची ती धांव कोण विसरेल? पण त्याच चित्रपटांत वधूच्या शोधांत निघालेला हा नायक रस्त्यांतील एका स्त्रीस गांठतो आणि तिचा वर्ण दिसतांच मागें सरतो. विनोद एवढाच. तिला करावयाचें असें कांहींच नाहीं. शिवाय गड्याचें काम तोंडाला काळें फांसलेल्या गोऱ्या नटाकडे!

या दोहोंमधल्या काळांत, १९१३ सालीं, बायोग्राफ कंपनीनें बर्ट विल्यम्स या कृष्णवर्णीय विनोदी नटाला नायक करून एक चित्रपट घेतला, व तो अर्धवटच टाकला. त्याच्या फिती न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयानें १९३९ सालीं मिळविल्या. लोकांपुढें त्या २०१४ सालीं आल्या. विल्यम्सचें तोंड काजळीनें माखलेलें आहे, भोवतालच्या नटनटींचीं मात्र तशीं नाहींत. एकानें मुखवटा पत्करावा म्हणजे इतरांस आपले चेहरे राखतां येतील, असा हा सौदा असावा, असें मला वाटतें. नायक नायिकेचें चुंबनहि घेतो. मात्र माझ्या मनांत राहिला तो जत्रेंतला प्रवेश: फिरत्या लाकडी घोड्यांवर नटूनथटून बसलेले स्त्रीपुरुष. त्यांची थट्टा कोणी करीत नाहीं. तीं नुसतीं मजेंत आहेत.